स्वखुशीचा कागद

डोळ्यांचा डॉक्टर चपला घालूनच आत आला. सोलापूरच्या विडी कारखान्यात आम्ही तीस-चाळीस बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होतो. कारखान्याचा मालक त्याच्यासोबत होता. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ही. खुन्याची बहीण."

सगळ्यांचे हात थांबले.

माझा भाऊ पुण्याच्या तुरुंगात होता. फाशीची शिक्षा झालेली, दयेचा अर्ज गेलेला. फाशीनंतर त्याचे डोळे काढून दुसऱ्याला बसवायचे होते. संमतीच्या कागदावर त्याचा अंगठा झाला होता, आता घरच्यांचा पाहिजे होता. डॉक्टर म्हणाला, "जन्मात काही चांगलं केलं नाही. निदान डोळे तरी चांगल्या माणसाच्या कामी येतील." मालकानं शाईचा पॅड पायानं माझ्याकडं सरकवला.

भावानं खून केला होता. मी झाकत नाही. पण मी चौथी शिकलेली. कागद वाचला. 'स्वखुशीने' असं लिहिलेलं. म्हटलं, आधी भावाला विचारते. मालक म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस.

गेले.

जाळीपलीकडं भाऊ निम्मा झालेला. हळूच बोलला, "आक्का, डोळं दिलं तर अर्जावर चांगलं लिवतो म्हनला डाक्टर. तू मोडता घालू नगंस. मला जगायचं हाय."

सोलापूरला येऊन डॉक्टरला गाठलं. म्हटलं, तुम्ही जे कबूल केलंय ते याच कागदावर लिहा. तो हसला. "डोळ्यांचा अर्जाशी काय संबंध? तसं बोललो नसतो तर त्यानं अंगठा दिला असता का?"

पुन्हा पुण्याला गेले. भावाला खरं सांगितलं. त्याची आशा मी माझ्या तोंडानं मारली. तो जाळी धरून खाली बसला. मग मी विचारलं, "आता सांग. द्यायचं का?"

तो जाळी धरूनच उठला.

"न्हाय," तो म्हणाला. "एवढं तरी माझं ऱ्हाऊ दे."

मी अंगठा दिला नाही. भावानंही आपला अंगठा रद्द करायला लावला. अर्ज फेटाळला गेला. त्याला फाशी झाली. माझं काम गेलं ते गेलंच.

कुणीतरी आंधळा तसाच राहिला असेल. ते मला सलतं. पण डॉक्टरनं खरं बोलून मागितलं असतं, तर भावानं दिलेही असते. विचारलं कुठं कुणी? फाशीचा दोर दाखवून घेतलं, त्याला मी दान म्हणणार नाही. समोर कितीही मोठा माणूस असू दे.