निर्गुंडीला सांगून तोडलेली पानं

आधीच सांगते, पुढे गैरसमज नको. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी आला नाही. बाबा रेल्वेत गँगमन, डोंगरगडला क्वार्टर. रविवारी विहारात जायचं, आणि कुणी चमत्कार सांगायला लागलं की बाबांचा एकच प्रश्न असायचा, "तुनं सोता पाह्यलं काय?" या प्रश्नावर मी वाढले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. म्हणून हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. लोक हसतील याची भीती नव्हती... बाबांच्या त्या प्रश्नाला मला 'हो' म्हणावं लागतं, तेच जड जातं.

रायपूरची गोष्ट. नवं राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि शहरापलीकडच्या शेतांत नव्या राजधानीसाठी चुन्याच्या रेघा पडत होत्या. मी पुरानी बस्तीत खोली घेऊन राहायचे. एका प्रयोगशाळेत (नाव देत नाही) प्रोजेक्ट असिस्टंट होते आणि तिथल्याच सरांकडे पीएच.डी. करत होते. सर हिंदी भाषक. माझं शिक्षण छोट्या गावातलं, इंग्रजी कच्चं. दर शनिवारी काम संपल्यावर सर मला समोर बसवून एकेक शोधनिबंध वाचून घ्यायचे. अडले की रागवायचे नाहीत, वाक्य पुन्हा वाचायला लावायचे. आज मी जी काही आहे, ती त्या शनिवारांमुळे.

आमचं काम होतं औषधी झाडांच्या पानांत कोणती रासायनिक द्रव्यं आहेत ते ओळखणं. सोपं करून सांगते. पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि गाळून मशीनला द्यायचा. मशीन त्यातली द्रव्यं एकामागून एक वेगळी करते, मग प्रत्येकाच्या रेणूचं वजन मोजते. रेणू फोडून तुकड्यांचीही वजनं घेते. तुकडे कसे पडले यावरून द्रव्य ओळखता येतं. पडद्यावर हे सगळं शिखरांसारखं दिसतं, आम्ही त्याला पीक म्हणतो.

यादीत निर्गुंडी होती. गुडघे धरले की जिची पानं गरम करून बांधतात, ती. नव्या राजधानीच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात सुकवारो दाई (तिकडे आईला दाई म्हणतात) नावाची म्हातारी ही पानं द्यायची आणि दूरदूरचे लोक तिच्याकडे यायचे. तिच्या बाडीच्या, म्हणजे परसबागेच्या, कुंपणाला निर्गुंडीची सहा झाडं ओळीनं होती. पहिला नमुना दाईनं स्वतः सकाळी तोडून माझ्या हातात दिला.

त्या नमुन्यात अठराव्या मिनिटाला एक पीक आलं. मशीनच्या लायब्ररीत, म्हणजे माहीत असलेल्या द्रव्यांच्या यादीत, त्याच्याशी जुळणारं काहीच सापडेना. सर खूश झाले. "नया निकला तो तुम्हारी थीसिस बन गई समझो!" त्यांनी ते प्रोजेक्टच्या अहवालातही घातलं. मी घरी फोन केला. बाबांनी अख्ख्या क्वार्टर लाइनीत सांगितलं, "आपल्या पोट्टीनं पानातून नवीनच कायतरी काढलं!"

पुढच्या तपासणीला जास्त पानं लागणार होती. मी गेले तेव्हा दाई बाजाराला गेलेली. झाडं माहीत होतीच, तोडली आणि आले. मशीनवर लावली तर बाकी सगळं जिथल्या तिथे, फक्त अठराव्या मिनिटाचं ते पीक नाही. पुन्हा गेले, तेव्हाही दाई घरी नव्हती. पुन्हा पानं, पुन्हा तेच.

सर म्हणाले, "पन्नी का माल होगा." आमच्या कामात ही चूक नेहमीची आहे. प्लास्टिकच्या पिशवीतलं रसायन नमुन्यात उतरतं आणि माणूस शोध लागला म्हणून नाचतो. पहिली पानं ज्या पिशवीतून आणली होती, ती मी मिथेनॉलनं धुऊन तेच मशीनला दिलं. काही नाही. नुसतं मिथेनॉल दिलं, तेही कोरं. पहिल्या नमुन्याची उरलेली पूड घेऊन नवा अर्क काढला... अठरावं हजर! म्हणजे ते पानातलंच होतं.

पण सरांचा चेहरा बदलला होता. "सुजाता, रिपोर्ट ऊपर जा चुकी है. एक महीना है. या तो दोबारा निकाल के दो, या लिख के दो कि तुमसे गलती हुई."

त्या रात्री जेवण गेलं नाही. चूक केली असती तर लिहून दिलं असतं. न केलेली चूक सही करून कशी द्यायची? आणि दिली की पुढे माझ्या कुठल्या आकड्यावर सरांनी विश्वास ठेवायचा?

दाईकडे गेले. ती अंगणात महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालत होती. पहिली पानं कुठल्या झाडाची, असं विचारलं तर तिनं कुंपणाकडेच बोट दाखवलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तैं नेवता दे रहे का, नोनी?"

नोनी म्हणजे पोरी, नेवता म्हणजे आमंत्रण; ते दिलं होतंस का, असं ती विचारत होती. पानं हवी असतील तर आदल्या संध्याकाळी झाडाला हळद-तांदूळ ठेवून सांगायचं, सकाळी तोडायची. ही तिच्याकडची रीत. मी दोन्ही खेपांना न सांगता तोडली होती. दाई म्हणाली, "कोनो तोर घर मं बिन बताए खुसर के तोर चूंदी उखान लिही, त तोला बने लागही?" कुणी न सांगता तुझ्या घरात शिरून तुझे केस उपटले तर बरं वाटेल का तुला?

मी म्हटलं, "दाई, हमारे घर में पूजा नहीं करते."

"त झन कर," ती हसली. "मुँह तो हे?" मग नको करू, तोंड तर आहे ना, तोंडानं सांग.

सरांना सांगताना जीभ अडखळत होती. ते हसले नाहीत. विचारत गेले. पाणी घालते का? हळद लावते? डहाळी मोडते? कारण झाडाला संध्याकाळी जखम झाली तर सकाळपर्यंत पानांत नवी द्रव्यं तयार होऊ शकतात. मला हायसं वाटलं, असंच काहीतरी असणार. मग बेत ठरला. तीन झाडांना सांगायचं, तीन झाडांना नाही. कोणती तीन, ते चिठ्ठ्या टाकून. कशालाही हात लावायचा नाही. नमुन्यांवर नंबर सर घालतील, कुठला नंबर कुठल्या झाडाचा ते मला कळणार नाही. "और बोलना दो हाथ दूर से," सर म्हणाले.

जायच्या आधी बाबांना फोन केला. न सांगता जाववेना.

"हळद-कुंकू वाहाले जाऊन राहिली काय?"

"नाही बाबा. नुसतं सांगायचं हाय."

"मंग ते टेस्टच झाली ना? कर. पण निकाल आपल्या बाजूनं वाकवू नोको, बस."

संध्याकाळी कुंपणासमोर उभी राहिले. एम.एस्सी. झालेली बाई, झुडपांशी बोलायला आलेली. दाई मुद्दाम घरात निघून गेली होती, तेवढी समज तिला होती. मी म्हटलं, "मी सुजाता. उद्या सकाळी येऊन राहिली. तुमची मूठभर पानं पाह्यजेत. म्या खोटं नाही केलं, पण ते दाखवाले माह्याजवळ दुसरं काही नाही." तीनदा, तीन झाडांना. बाकीच्या तिघांना ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू बोलत होते, हे मध्येच ध्यानात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

सकाळी सहाही झाडांची पानं तोडली, कागदी पाकिटांत घातली, वर झाडाची खूण केली. लॅबमध्ये सरांनी त्या खुणा काढून आपले नंबर घातले. नंतर आठ दिवस सावलीत.

नमुने लावले त्या दिवशी सर शेजारी स्टूल ओढून बसले. पहिला नंबर, अठरावं नाही. दुसरा... आहे. तिसरा आहे. चौथा नाही, पाचवा नाही. सहावा आहे. सरांनी खिशातून यादी काढली, टेबलावर ठेवली. दोन, तीन, सहा. सांगितलेली झाडं तीच होती.

सर चष्मा पुसत म्हणाले, "छह में से सही तीन... बीस में एक बार ये तुक्के से भी हो जाता है."

"हो सर." हिशोब बरोबर होता.

"लिख के देने की ज़रूरत नहीं," ते म्हणाले. मला रडू आलं, ते मी पिपेट धुण्याच्या निमित्तानं सिंकपाशी उरकलं.

अठरावं द्रव्य प्रबंधात गेलं नाही. सरांनी अहवालातूनही ते काढलं आणि कारण म्हणून स्वतःच्या नावावर लिहिलं की नमुने अपुरे आहेत. जास्त झाडं घेऊन पुन्हा करायचं ठरलं होतं, पण पावसाळा संपायच्या आत दाईची बाडी रस्त्यासाठी मोजणीत गेली. दाई मुलीकडे राहायला गेली. मी इतर गावांतली निर्गुंडी आणली, सांगून आणि न सांगता, दोन्ही. अठरावं पीक पुन्हा कधीच दिसलं नाही. त्याच मातीत काही असेल, किंवा नुसता योगायोग असेल. मला ठाऊक नाही.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. मी मशीन बंद करून निघाले होते. सरांनी दारातून परत बोलावलं. माझी नोंदवही त्यांच्यासमोर उघडी होती.

"किस भाषा में बोली थी?"

"जी?"

"पेड़ों से. हिंदी में कि मराठी में?"

"मराठी में, सर. घर वाली मराठी."

"तो लिखा क्यों नहीं?" सर अगदी गंभीर होते. शनिवारी एखादा शब्द गाळून वाचला की असेच बघायचे. "जो किया है, सब लिखते हैं."

मी उभ्या-उभ्याच लिहिलं, 'पूर्वसूचना: आदल्या संध्याकाळी, तोंडी, मराठीत.' सरांनी खाली सही केली, तारीख घातली. शेजारी 'कारण' असा रकाना होता. सरांनी पेन माझ्याकडे दिलं, मी परत त्यांच्याकडे दिलं. मग त्यांनीच वही मिटली.