टेपबाईंचं भांडं

टेपबाईंच्या गळ्यात सदा टेप लटकलेली असते, म्हणून त्या टेपबाई. जेवताना असते, झाडांना पाणी घालताना असते, आणि भाच्याच्या लग्नाच्या फोटोत तर मोत्यांच्या माळेशेजारी ती अशी ऐटीत बसली आहे, की पाहणाऱ्याला वाटावं हा दागिना माहेरचाच. गंमत म्हणजे टेपेचं त्यांना फारसं काम पडत नाही. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत येईतो त्याची मापं घेऊन झालेली असतात. मग टेप लावायची ती केवळ त्याच्या समाधानासाठी.

त्या शाळेचे गणवेश शिवतात. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला इस्त्रीचं टेबल, आणि दोरीवर डोकं नसलेल्या मुलांसारखे ओळीनं टांगलेले निळे शर्ट. पण समोर उभ्या असलेल्या मुलाचा गणवेश टेपबाई कधी शिवतच नाहीत. त्या शिवतात त्याच्या पुढच्या वर्षीचा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. इतर शिंपी बोटभर सोडतात, टेपबाई सोडतात ते बघून कापडवाला मनातल्या मनात खूश होतो. शाळा सुरू होते तेव्हा निम्मा वर्ग बाह्यांत हरवलेला असतो. वर्षाअखेरीला मात्र तीच मुलं रुबाबदार दिसतात, आणि आया पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात.

या सगळ्याचा सर्वात जुना पुरावा म्हणजे त्यांचे यजमान. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव मीटरवाले ठेवलं. लग्नानंतर बायकोनं शिवलेली पहिली पँट ते अजून घालतात. पोट जसजसं पुढे सरकलं तसतशी पँट मागून उसवून सोडली गेली, आणि एवढं होऊनही आत कापड शिल्लक आहे. बायकोला आपल्या पोटाचं भविष्य तेव्हाच कसं दिसलं, हे कोडं त्यांना आजवर सुटलेलं नाही.

दोघांचंही आयुष्य सायकलवर गेलं. ते मीटरमागे, त्या गणवेशांचे गठ्ठे कॅरिअरला बांधून शाळाशाळांतून. शेजारी शेजारी सायकल चालवणं मात्र राहूनच गेलं. निवृत्तीनंतर मीटरवाल्यांनी एकदा चहा पिता पिता सहज म्हटलं, घाटापलीकडच्या तळ्यापर्यंत सायकलनं जाऊ या, तंबू टाकू, आपलं आपण शिजवून खाऊ. बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं. टेपबाईंनी दाताखालचा दोरा तोडला आणि विचारलं, "कधी?"

अडचण होती ती उजव्या गुडघ्याची. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, चांगलंच आहे, पण ओझं कमी ठेवा आणि दुखलं की थांबा. मुलीनं यातलं शेवटचं वाक्य पकडून ठेवलं. तिनं बाबांकडून वचन घेतलं, की आधी धरणापर्यंत एक दिवस सामानासकट जाऊन यायचं, आणि त्यात गुडघा दुखला तर तळ्याचं नाव काढायचं नाही. "आणि बाबा, लपवायचं नाही. कुत्रं चावलं तेव्हा तुम्ही आठवडाभर खरचटलंय म्हणत होता," असंही ती म्हणाली. मीटरवाल्यांनी वचन दिलं. तळं त्या क्षणापासून गुडघ्यावर टांगलं गेलं.

मग दोघं भांडी घ्यायला गेले. रानावनात राहण्याचं सामान विकणारं दुकान होतं. दुकानदाराला भरघोस दाढी, आणि कोपऱ्यात त्याची स्वतःची चिखलानं माखलेली सायकल. त्यानं तीन संच मांडले. एकट्याचा, म्हणजे जरा मोठा मगच. दोघांचा, आणि चौघांचा. प्रत्येकात पातेल्यात पातेलं, त्यात गॅसची छोटी टाकी, टाकीच्या कडेला घडी घातलेला बर्नर, आणि वर झाकण, तेच उलटं केलं की ताटली. मीटरवाले त्या रचनेवर इतके भाळले, की त्यांनी तो संच तीनदा उघडून तीनदा बंद केला. दाढीवाल्यानं सांगितलं, दोघांना मधला पुरे, दोन तृतीयांश भरायचा, वरचा भाग उकळी यायला मोकळा सोडायचा. शिवाय सायकलवर नुसतं वजन बघून चालत नाही, जागाही बघावी लागते.

टेपबाईंनी मधल्या पातेल्यात हात घालून पाहिला. मग चौघांच्यात घातला, मनगटाच्या जरा वरपर्यंत गेला, आणि चेहऱ्यावर समाधान आलं.

"हे द्या."

"अगं, आपण दोघंच."

"अहो, जरा सैल असू दे."

"शर्ट आहे का तो? भांडं काय पुढच्या वर्षी वाढणार आहे?"

"भांडं नाही वाढत, भूक वाढते. त्यात वाटेत कुणी आलं तर?"

दाढीवाल्यानं मीटरवाल्यांकडे पाहिलं. मीटरवाल्यांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. संसारी माणसं एकमेकांना न बोलता ओळखतात. चौघांचा संच पिशवीत गेला.

घरी आल्यावर मागच्या अंगणात त्याची परीक्षा झाली. दोघांपुरता भात त्या पातेल्यात असा पसरला, की तळ जेमतेम झाकला. छोट्या बर्नरची आच मधोमध, त्यामुळे मध्ये करपलं आणि कडेला कच्चं राहिलं. मीटरवाले मधलं खरवडून खात राहिले आणि एवढंच म्हणाले, की चव वेगळी आहे. टेपबाईंनी दोष बर्नरला दिला. नंतर त्यांनी सायकलच्या मागच्या चाकाला दोन्हीकडून लटकवायच्या पिशव्या शिवायला घेतल्या. ताडपत्रीचं जाड कापड, दुहेरी शिवण, पावसासाठी वरून झडप, आणि आतल्या बाजूला चाकात कापड जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी. विकतच्या पिशव्या झक मारतील असं काम. दोन पिशव्या त्यांच्या, दोन यजमानांच्या, आणि यजमानांची उजवी त्या पातेल्यावर बेतलेली. बेतताना हात सवयीनं चालला, आणि भरघोस पातेल्याभोवती आणखी भरघोस पिशवी तयार झाली. सायकलला लावली तेव्हा सायकल उजव्या कुशीवर गरोदर असल्यासारखी दिसत होती. मीटरवाल्यांनी तीन वेळा फिरून बघितली. बायकोच्या हातचं काम ते नेहमीच असं फिरून बघतात.

धरणाच्या वाटेवर सकाळ छान होती. मीटरवाले पुढे, टेपबाई मागे. शहराबाहेरच्या गोदामांपर्यंत सगळं सुरळीत गेलं. पहिल्या चढाला गुडघ्यात काहीतरी टोचलं. मीटरवाल्यांनी ते मानलं नाही. दुसऱ्या चढाला टोचणं थांबलं आणि दुखणं सुरू झालं, तेव्हा ते शीळ घालायला लागले. माणूस किती छान चाललंय हे दाखवायला शीळ घालतो, हे निदान बायकोला तरी कळू नये एवढी त्यांची अपेक्षा होती. तळ्याचं पाणी त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. मुलीला दिलेला शब्दही दिसत होता. दोन्ही एकदम खरं होणार नव्हतं.

"थांबा," मागून आवाज आला.

ते थांबले. रस्त्याकडेला एक बंद पडलेलं पंक्चरचं दुकान होतं, तिथे सायकली टेकवल्या.

"दुखतोय ना?"

"छे. जरा आखडलाय."

"पँटची क्रीज मी रोज बघते. नडगीवरून सरळ खाली जाते. आज बाहेर पळतेय, तेही फक्त उजव्या पायाची. अहो, तीस वर्षं पँटी शिवतेय मी तुमच्या. गुडघा कुठे फुगतो ते मला विचारा."

आता लपवून उपयोग नव्हता. मीटरवाले दगडावर बसले. म्हणाले, हो, दुखतोय, बराच वेळ दुखतोय. पोरीला आपण शब्द दिलाय. घरी जाऊ. तळं काय, ते तिथेच असणार आहे. शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज आवाजात म्हटलं, की टेपबाईंना ते ऐकवेना. नवऱ्याच्या पायाकडे बघत राहिल्या, दुकानात अंगाला न बसलेला शर्ट बघतात तशा.

मग त्या म्हणाल्या, "बसा सायकलवर. भिंत धरून. आणि पाय नेहमीसारखा ठेवून पॅडल हळू मारा, उलटं."

आणि स्वतः त्या मागच्या चाकाशेजारी मातीतच फतकल मारून बसल्या. कमरेच्या खिशातून त्यांनी शिंप्याचा पांढरा खडू काढला, तो पिशवीच्या पुढच्या कडेवर चांगला घासला, आणि पुन्हा म्हणाल्या, मारा. मीटरवाल्यांनी पॅडल मारलं. पाय मागे आला, पुढे गेला. टेपबाईंनी त्यांचा बूट धरून वर केला. टाचेवर पांढरा पट्टा उमटला होता.

"नेहमीसारखा पाय ठेवलात की टाच पिशवीला लागते," त्या म्हणाल्या. "लागू नये म्हणून तुम्ही पाऊल बाहेर वळवताय. पाऊल वळलं की गुडघाही वळतो. सकाळपासून तुम्ही वाकड्या गुडघ्यानं चालवताय."

मीटरवाल्यांनी बुटाकडे पाहिलं. टाच घासतेय हे त्यांना जाणवलं होतं, पण जाणवलं ते गुडघ्यापुढे किरकोळ वाटलं होतं. टेपबाई मातीतून उठल्या, पदराची धूळ झटकावी तशी टेप झटकली आणि फुगलेल्या पिशवीकडे बोट केलं.

"ही मी शिवली. आणि तो हंडा मी घेतला."

एवढंच. बर्नरचं नाव या वेळी निघालं नाही. हीच गोष्ट मीटरवाले अजून लोकांना सांगतात. त्यांच्या मते डोळा शिकून तयार होतो, पण स्वतःच्या हातचं काम समोर ठेवून "हे चुकलं" म्हणायला वेगळीच छाती लागते. ते स्वतः मीटर चुकीचं वाचलं की मीटरवर संशय घ्यायचे.

धरणापर्यंत ते गेले नाहीत. मोठं पातेलं टेपबाईंनी गठ्ठ्यासारखं आपल्या कॅरिअरवर दोरीनं बांधलं, नवऱ्याची उजवी पिशवी रिकामी करून चपटी आवळली, आणि दोघं सावकाश परतले. उतारावर दुखणं बरंच निवळलं. घरी मीटरवाल्यांनी मुलीला सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. ती म्हणाली, गुडघा दुखला म्हणजे दुखला. टेपबाईंनी बूट आणून तिच्यापुढे टाच वर करून ठेवला. मुलगी त्याच घरात वाढलेली, तिला खडूची भाषा कळत होती. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ठीक, डॉक्टरांना दाखवा, आठवडाभर विश्रांती, मग धरण पुन्हा. पण ही शेवटची संधी.

दाढीवाल्यानं संच बदलून दिला. टेपबाईंनी मधल्या पातेल्यात दोघांच्या भाताइतकं पाणी ओतायला लावलं आणि वरचा रिकामा भाग बोटांनी मोजला.

"म्हणजे सैल आहेच की हे. एवढी जागा आधीच सोडलेली आहे त्यांनी," त्या म्हणाल्या. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," दाढीवाला म्हणाला.

"सांगितलं होतं," मीटरवालेही म्हणाले, पण जरा हळू.

त्या संध्याकाळी टेपबाईंनी पिशवी उसवली आणि आत घेतली. त्यांच्या मशीनवर कपडे आजवर फक्त सोडले गेले होते, आत घेण्याचा प्रसंग अपवादाचाच. पातेलं त्यांनी आडवं, मागच्या बाजूला बसवलं, त्याच्या पोटात गॅसची टाकी, टाकीच्या बगलेत बर्नर, उरलेल्या फटीत मीठ आणि चहाच्या पुड्या. पिशवीची पुढची कड चाकाच्या दिशेनं तिरकी कापल्यासारखी झाली. मीटरवाल्यांनी आत बोट घालून पाहिलं, तर जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं. नीट दुमडून शिवणीच्या आत ठेवलेलं होतं.

"हे कशाला?"

"राहू दे. नातवंडं यायला लागली बरोबर, तर सोडता येईल."

डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला आणि जा म्हणाले. दुसऱ्या खेपेला धरण झालं, शीळ न घालता. आणि मग खरा घाट आला. मीटरवाले सगळ्यात हलक्या गिअरवर, मुंगीच्या पावलानं चढत होते, आणि मागून टेपबाईंच्या श्वासाचा आवाज ठेक्यात येत होता. अर्ध्या वाटेवर ते थांबले, पाणी प्यायले, गुडघ्याला हात लावून पाहिला. थकला होता, दुखत नव्हता. टेपबाईंनी काही विचारलं नाही. याचं त्यांना नवल वाटलं, थोडं वाईटही वाटलं.

माथ्यावर पोचल्यावर खाली तळं दिसलं, इस्त्री केल्यासारखं सपाट. मीटरवाले ते बघत उभे होते, तोच कुणीतरी त्यांचा उजवा पाय घोट्याशी धरून वर उचलला. एका पायावर तोल सावरत त्यांनी खाली पाहिलं. टेपबाई वाकून बुटाची टाच निरखत होत्या. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. पुढच्या कडेवर पांढरा खडू जाड घासलेला होता, सकाळी निघताना त्यांच्या नकळत घासलेला, आणि सगळा घाट चढूनही कुठे पुसला गेला नव्हता.

"कोरी आहे," टेपबाई म्हणाल्या, आणि त्यांचा पाय खाली ठेवला.

मग त्यांनी पातेलं काढलं, टाकीला बर्नर जोडला आणि दोघांपुरता भात टाकला. तो कडेपर्यंत सारखा शिजला. कुणी तिसरं आलं नाही. आलं असतं तर काय केलं असतं, हे मीटरवाल्यांनी विचारून पाहिलं.

"तुमच्यातलं दिलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पँटीत अजून बरंच कापड आहे, पण सगळंच वापरायला पाहिजे असं नाही."