ती पाठ माझी आहे

मसोलीच्या जिमवाल्या मॅडमने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस डहाणू-तलासरीत अजून जन्माला यायचा आहे. तिने माझी पाठ घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव लावलं आणि वर मलाच पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं.

तलासरी नाक्यावर तिच्या दुसऱ्या जिमचं उद्घाटन होतं. "तुझ्यासाठी सरप्राइज आहे, आईला घेऊन ये," असं तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी वेवजीच्या पाड्यावर गेले, आईला नवं लुगडं नेसवलं आणि माझ्या टेम्पोत पुढे बसवून आणलं. जिम म्हणजे काय, ते आईला ठाऊक नव्हतं.

"तिथं काय करतात?"

"वजनं उचलतात."

"आनी ठेवतात कुठं?"

"तिथंच."

आई हसायलाच लागली. "मंग उचलायची कशाला?"

मीही हसले. पूर्ण रस्ता आम्ही हसत आलो.

दारातच बॅनर होता, दोन माणसांच्या उंचीचा. डावीकडे मी. डोक्यावर चिकूचा क्रेट, मॅक्सीवर ओढणी, उन्हाने डोळे बारीक झालेले, तोंड अर्धवट उघडं. वर लिहिलं होतं, 'आधी', म्हणजे जिम न केलेली कुठलीही बाई. उजवीकडे एक पाठ. मानेपासून कमरेपर्यंत नुसती पाठ, दोन्ही हात वर वळवलेले, खांद्याखालचा एकेक स्नायू सुटा दिसणारा. वर लिहिलं होतं, 'नंतर'. आणि त्या पाठीखाली मोठ्या अक्षरांत मॅडमचं नाव. 'मी केलं, तुम्हीही करू शकता!'

आईने डावीकडे बोट केलं. "ही तू." मग उजवीकडे बघितलं. "ही कोन?"

मी म्हटलं, "आई, ती पण मीच."

आई बॅनरच्या अगदी जवळ गेली. त्या दंडावर तिने हात फिरवला. लहान मुलाच्या अंगावरून फिरवतात तसा.

"नाय पोरी. ही गोरी हाय. आनी हिच्या हाताला गोंदन नाय."

माझ्या उजव्या दंडावर, मागच्या बाजूने खांद्यापर्यंत गोंदण आहे. मी लहान असताना महालक्ष्मीच्या जत्रेत आईनेच गोंदवून घेतलं. मी रडत होते आणि तिने मला मांडीत घट्ट धरून ठेवलं होतं. दागिने काढून घेतात, कापड जळतं, मेल्यावर माणसाबरोबर गोंदण तेवढं जातं, असं आमच्याकडे मानतात. आई अजून मानते. त्या जगात आपली माणसं त्यावरून आपल्याला ओळखतात, असं ती म्हणते. इथे, याच जगात, तिने आपल्या लेकीला ओळखलं नाही. कॉम्प्युटरवर कोणीतरी बसून माझा रंग उजळला होता आणि गोंदण पुसलं होतं.

आत खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत बोर्डीचे बागायतदार, एक डॉक्टर, दोन-तीन पुढारी, मागे मसोलीच्या जिममधल्या माझ्या ओळखीच्या बायका. मॅडम माइकवर बोलत होती. हा व्यायामाचा प्रोग्रॅम किती अवघड आहे, एकाच अंगाचे सेट वर सेट मारताना कसं रडू येतं, तरी तिने कसा पूर्ण केला. टाळ्या वाजल्या. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "वहिनी, पाठ बघून विश्वासच बसत नाही!"

"मेहनत आहे हो काका," ती म्हणाली. तिने सैल कुर्ता घातला होता.

मग तिला मी दिसले. ती खाली उतरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं बरं झालं आलीस. केटरिंगवाले अजून पोचले नाहीत. जरा पुढच्या लोकांना पाणी देतेस?"

मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही, वळून पाहुण्यांकडे गेली.

आणि माझ्या बाजूला बसलेली आई उठली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिने पदर खोचला, टेबलावरचा ट्रे उचलला, त्यात ग्लास मांडले आणि मान खाली घालून पहिल्या रांगेकडे निघाली. बोर्डीच्या वाडीत मॅडमच्या सासऱ्यांसमोर ती आयुष्यभर अशीच चालली होती. पाणी म्हटलं की आमच्यातल्या कोणी उठायचं, हे तिच्या पायांनाच पाठ झालं होतं.

पुढच्या रांगेतल्या माणसाने मान न वळवता ग्लास घ्यायला हात पुढे केला.

मी तिथे पोचले. आईच्या हातातून ट्रे घेतला आणि त्या माणसाच्या पायाशी जमिनीवर ठेवला. पाणी सांडलं. त्याने पाय वर घेतले. "ए, काय करतेस?"

"पाणी तिथे आहे," मी म्हटलं. "वाकून घ्या."

आईचा हात धरून मी तिला पुन्हा खुर्चीवर बसवलं. "पोरी, मालक लोक हायत," ती म्हणत होती. "मालक लोक हायत गं."

आता मॅडम माझी कोण होती ते सांगते. कारण ती कोणीच नसती तर मी तिथल्या तिथे बॅनर फाडला असता, चार शिव्या दिल्या असत्या आणि घरी जाऊन जेवले असते.

मी फळांचा धंदा करते. चिकू, आंबा, जोडीला लिली, म्हणजे हिरवी, मिरची. वाडीवाल्यांकडून माल उचलते आणि उंबरगाव, वापीच्या व्यापाऱ्यांना देते. "भाव तो बोल, बेन" म्हणत येतात आणि कपाळ पुसत जातात. क्रेट उलटा केल्याशिवाय मी माल घेत नाही, कारण वर मोठी फळं आणि खाली गोट्या भरणारे खूप. डोकं तापलं की मी कोणाची नाही. बाजारात मला मागून 'वाघीण' म्हणतात. समोर ताई म्हणतात.

एका सकाळी मी टेम्पोत क्रेट चढवत होते. हमाल आला नव्हता. मॅडम तिथे भाजी घेत होती. तिने मोबाइलवर माझा फोटो काढला. मी ओरडले, "ओ, फोटो कसले काढताय?" तर म्हणाली, "तुझे खांदे बघ ना गं काय आहेत! माझ्या जिमला ये. मला पार्टनर पाहिजे."

"फुकट मी कुठे जात नाही," मी म्हटलं. फी ठरवली, घासाघीस केली आणि पहिल्या दिवसापासून भरली. म्हणजे तिचे माझ्यावर उपकार नाहीत. हे लिहून ठेवते, कारण आता ती लोकांना सांगते की तिने मला 'घडवलं'.

तो प्रोग्रॅम तिने कुठल्या तरी परदेशी पहिलवानाचा आणला होता. वजन फार नाही, पण संपतच नाही. दहा-दहा सेट, मध्ये श्वास घेण्यापुरता आराम, की पुन्हा रॉड हातात. पाठीचे सेट मारले की दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जायचा नाही. मी डाव्या हाताने उजवा हात धरून वेणी घालायचे. बाजारात तराजू उचलताना दात आवळायचे. सुरुवातीला दोघी मिळून करत होतो. मग तिचा गुडघा दुखायला लागला. मग नणंदेचं लग्न. मग ती फिरायला गेली. नंतर ती बाजूला उभी राहून फक्त मोजायची. "अजून एक! अजून एक गं माझी राणी!" तिच्या आवाजावर मी कुठून कुठून जोर आणायचे.

शेवटचा सेट झाला की मी रबराच्या मॅटवर आडवी पडायचे. तीही शेजारी आडवी व्हायची. मी तिला मॅडम म्हणायचे तर रागवायची. "ताई म्हण. नाहीतर नुसतं नावाने हाक मार." माझ्या डब्यात उकडलेली अंडी, नाचणीची भाकरी, कधी सुकट असायची. तिच्या घरी अंडं चालत नव्हतं. ती माझ्या डब्यातलं अंडं उचलून खायची. एकदा घरून तिला फोन आला, तर अंडं तोंडात कोंबलेलं, बोलता येईना. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तिच्या सासरच्या स्वयंपाकघराचा उंबरा माझ्या आईने कधी ओलांडला नव्हता. इतकी वर्षं त्या वाडीत चिकू उतरवला तिने, बांबूच्या टोकाला जाळी लावून, मान वर करून. अजून तिची मान सरळ होत नाही. जेवायची झाडाखाली. आणि त्याच घरची सून माझ्या डब्यात हात घालत होती. मला वाटलं, झालं. आईच्या वेळचं आईच्या वेळी संपलं. मी आईला सांगितलंसुद्धा. आई म्हणाली होती, "अंडं तुझंच खाल्लं ना? तिच्या ताटातलं दिलं का?" मी चिडले होते तिच्यावर.

प्रोग्रॅम संपला तेव्हा तिने फोटोग्राफर बोलावला. मला लाज वाटत होती. तोकडे कपडे, परका माणूस. ती म्हणाली, "तुझ्याकडचे लोक काय म्हणतील, मला कळतं. चेहरा नकोच. पाठमोरी उभी राहा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही माझी अब्रू जपते आहे, असं मला वाटलं. बाजारात प्रत्येक क्रेट उलटा करून बघणारी मी, तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

गोंदणावर तिने बोट फिरवलं होतं त्या दिवशी. "किती सुंदर आहे गं हे. कोणी केलं?" मी सगळं सांगितलं. आईची मांडी, जत्रा, मेल्यावर काय बरोबर जातं ते. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणजे जे पुसलं, ते काय आहे हे तिला पूर्ण माहीत होतं.

उद्घाटन उरकल्यावर तिने मला ऑफिसात नेलं. आई बाहेर बसली होती.

"एवढा तमाशा? पाहुण्यांसमोर?"

"ती पाठ कोणाची आहे?"

"अगं, मार्केटिंग असतं ते. सगळे करतात."

"गोंदण का पुसलं?"

"ते ओळखू आलं असतं ना." बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. मग आवाज मऊ केला. "हे बघ, तुझा चेहरा आहे ना बॅनरवर? आख्ख्या नाक्याने बघितला तुला."

"आधीचा."

ती म्हणाली, "बरं, काय पाहिजे तुला? दोन्ही जिम तुला कायमच्या फ्री. बोल."

आयुष्यात मला कोणी 'काय पाहिजे' विचारलं आणि मी आकडा सांगितला नाही, असं झालेलं नाही. त्या दिवशी तोंड उघडेना. मी रागाने रडत नाही, मी रागाने भांडते. तिथे मी रडले. कारण ती मला ओळखत होती आणि तरी तिने माझा भाव विचारला.

तिला वाटलं मी विरघळले. "काढते मी बॅनर," ती म्हणाली. "उद्याच काढते. कोणाला कळणार पण नाही. मग झालं ना?"

"नाही," मी म्हटलं. "बॅनर राहू द्या. त्याच्या बाजूला उभं राहून सांगा कोणाची पाठ आहे ती."

"वेडी आहेस का? माझी काय इज्जत राहील?"

मी बाहेर आले. आईला टेम्पोत बसवलं. घर आल्यावर उतरताना तिने माझी बाही वर केली, गोंदण आहे का बघितलं आणि बाही पुन्हा खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी बॅनर गेला होता. नवा लागला, त्यात कोणीतरी मुंबईची मॉडेल आहे. मसोलीच्या जिममधल्या बायका मला फोन करतात. "जाऊ दे ना ताई, फोटोच तर होता." त्यांना मी काय सांगू? ज्या बायका माझ्या शेजारी उभ्या राहून घाम गाळत होत्या, ज्यांनी ती पाठ रोज बघितली, त्यातली एकही त्या दिवशी खुर्चीवरून उठली नाही. पाण्यासाठी आई उठली. माझ्यासाठी कोणी नाही.

काही दिवस मी रॉडला हात लावला नाही. अंग सैल पडायला लागलं, तसं वाटलं, तिने हेही नेलं. मग माझ्या गोदामात लोखंडी बार बसवून घेतला आणि तोच प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू केला. आता मोजायला कोणी नाही. मोठ्याने मीच मोजते. बाजारात बिनबाह्यांचा ब्लाउज घालून बसते. लोक बघतात. बघू देत. शरीरसौष्ठवाची पुढची स्पर्धा जिथे असेल तिथे मी उतरणार आहे, याच रंगाची, याच दंडाची, चेहऱ्यासकट. हरले तरी माझ्या नावाने हरेन.

पण तेवढ्याने माझा हिशेब मिटत नाही. मॅडम, बॅनर काढून तुम्ही सुटला नाहीत. समझोता करायला तुम्ही दोनदा माणूस पाठवलात, दोनदा मी त्याला पायरीवरून परत पाठवला. मला माणूस नको, तुम्ही पाहिजे. वेवजीच्या पाड्यावर माझ्या आईच्या अंगणात या. खुर्ची मिळणार नाही, तिच्यासमोर जमिनीवर बसा. ज्या पाठीवर तुम्ही टाळ्या घेतल्या ती कोणाची होती, आणि तिच्या लेकीच्या अंगावरची तिची खूण कोणाच्या सांगण्यावरून पुसली, याचं उत्तर तिच्या तोंडावर द्या.