चिंचेने घासलेली काडतुसं

प्रबोधला येत नाही असं जगात काही नव्हतं. आधी तो जहाजावर चीफ इंजिनिअर होता, आता सिंगापूरच्या बंदरात कंपनीच्या जहाजांची दुरुस्ती बघायचा. एवढ्या भांडवलावर तो डॉक्टरला औषध, टॅक्सीवाल्याला रस्ता आणि स्वतःच्या बायकोला, संजीवनीला, पोळी फुगवणं शिकवायचा. स्वतः जन्मात पोळी लाटली नव्हती, तो भाग वेगळा.

संजीवनीकडे मात्र स्वतःचं म्हणावं असं एकच उरलं होतं, नेमबाजी. पुण्यात एनसीसीत असताना ती राज्यपातळीपर्यंत पोचली होती. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही, पार्टीत ओळख करून देताना ‘प्रबोधची मिसेस’. म्हणून दर रविवारी ती क्लबच्या रेंजवर पिस्तूल चालवायची. त्र्याण्णव साली क्लबच्या महिला संघात एक जागा रिकामी झाली. निवडचाचणीत पहिली येणारी मलाक्क्याच्या स्पर्धेला जाणार होती. संजीवनीला ती जागा इतकी हवी होती की तोंडाने म्हणायचीही भीती वाटायची.

क्लबच्या एका खोलीत, परवान्याखाली, सभासदांना वापरलेली काडतुसं पुन्हा भरता येत. प्रबोध सभासद झालाच. नेमाच्या नावाने आनंदीआनंद होता, पण गोळ्या भरायचा प्रेस आणि साचे बघून त्याच्यातला इंजिनिअर उसळला. “तुझ्या गोळ्या मी भरणार,” त्याने जाहीर करून टाकलं. विचारायची पद्धत त्याच्याकडे नव्हतीच.

मग स्वारी ओणवी होऊन लोकांच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागली. त्यातल्या बऱ्याच एका सभासदाच्या नव्या पिस्तुलातल्या. त्या पिस्तुलाचं चेंबर, म्हणजे गोळी बसते ते घर, खालच्या अंगाला मोकळं कापलेलं होतं. बार उडाला की पुंगळी तिथे बुडाशी फुगायची, चाळिशीत पोट सुटावं तशी. पुन्हा भरताना साचा पुंगळीला दाबून सरळ करतो, पण अगदी बुडापर्यंत तो पोचत नाही, आणि उरलेला फुगवटा घट्ट चेंबरमध्ये अडकतो. म्हणून तो सभासद आपल्या पुंगळ्या सरळ टाकून द्यायचा. प्रबोधच्या मते हा निव्वळ पैशाचा माज.

त्याने घरून चिंचेचा कोळ आणि मीठ डब्यात भरून नेलं आणि देवाची ताम्हणं घासावीत तशा पुंगळ्या घासल्या. पितळ ते पितळ! भरून झाल्या तेव्हा गोळ्या सोन्यासारख्या लखलखत होत्या.

“माझ्या पिस्तुलाची नळी सुटी करून एकेक गोळी तीत टाकून बघ ना,” संजीवनी म्हणाली. “सहज आत गेली आणि उलटं केल्यावर बाहेर पडली, तरच घ्यायची.”

“माणसाएवढे पिस्टन बसवलेत मी,” तो हसला. “चमक बघ जरा!”

तिने स्वतः तपासलं असतं तर तो आठवडाभर तोंड पाडून बसला असता. घरातल्या शांततेसाठी ती गप्प राहिली, आणि या गप्प राहण्याचा पुढे तिला सगळ्यात जास्त संताप आला.

चाचणीत तिने अशा फेऱ्या झाडल्या की मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. ती पहिली होती. शेवटच्या फेरीत दुसरीच गोळी अर्धी आत जाऊन अडकली. पिस्तूल मिटेना की उघडेना. तिने हात वर केला. रेंज ऑफिसरने पिस्तूल मोकळं करून गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

“ओन ॲमो, ओन प्रॉब्लेम, लाह.”

गोळी तुमची, निस्तरणंही तुमचं, नियमच होता तसा. कारखान्याच्या गोळीने दगा दिला तर फेरी पुन्हा मिळे, हाताने भरलेल्या गोळीला माफी नाही. फेरी बुडाली आणि जागा दुसरीला गेली. संजीवनीने गोळी बोटांत फिरवली. बुडाशी पोट हाताला लागलं, अगदी लख्ख घासलेलं पोट.

प्रबोध धावत आला. “तुझं पिस्तूलच फाजील घट्ट आहे! आणि मनगट सैल सोडलंस. गोळीत काय खोट आहे? बघ, कशी झळकतेय!”

तिने गोळी खिशात टाकली. घरी जाताना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, शेजारी बसल्यावर तो पुन्हा सुरू झाला, “पुढच्या वर्षी मी तुला...”

“पुढच्या वर्षी माझ्या गोळ्या मी भरणार,” संजीवनी म्हणाली. “तू देवाची भांडी घास. ते तुला छान जमतं.”

चिंचेचा डबा मांडीवर धरून प्रबोध बुओना विस्टा स्टेशन येईपर्यंत गप्प बसला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच घडत होतं.