रंगाचा रकाना

चिखलीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. कॉम्प्युटर आला तेव्हा मी सगळ्यात मोठं सॉफ्टवेअर मागितलं. कळत ओ की ठो नव्हतं, तोरा मात्र कलेक्टरचा!

ते बसवायला बुलढाण्याहून आलेला माणूस कानामागे पेन्सिल खोचून दिवसभर काउंटरपाशी नुसता बसला. संध्याकाळी म्हणाला, "बाई, लोक पुस्तकाचं नाव सांगतच नाईत. 'ते लालवालं द्या' म्हणतात. तुमाले लहानच सॉफ्टवेअर पुरते. त्यात रंगाचा रकाना टाकून देतो."

"हे वाचनालय आहे, साडीचं दुकान नाही!" मी फणकारले. तो हसला आणि रकाना टाकून गेला.

निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी, काल त्याच काउंटरवर मला पुस्तकाचं नाव काही केल्या आठवेना. शेवटी पुटपुटले, "पोरी, ते हिरवं गं..."

काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरवर रंगाच्या रकान्यात 'हिरवा' टाकलं. "हाव आजी, हे घ्या."

त्या माणसाचं नावही आठवत नाही. शर्ट मात्र पिवळा होता.