गॅरेजचं क्युरिंग

जगातल्या प्रत्येक वस्तूत कोणीतरी काहीतरी लपवून ठेवलं आहे आणि ते शोधून काढण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं माझ्या आतोबांचं ठाम मत होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी नोकरी केली. खात्याने त्यांना नारळ देऊन निवृत्त केलं, तेव्हा त्यांनी तो नारळसुद्धा कानाशी धरून हलवून पाहिला होता, असं आत्या सांगायची. मासळी बाजारात ते माशाचा डोळा कधी बघत नसत. "माशाच्या डोळ्याला बर्फ लावता येतो. कोळणीच्या डोळ्याला नाही," असं म्हणून ते तिच्याकडे टक लावून बघत. एकदा एक कोळीण वैतागून म्हणाली, "साहेब, मासा घेताय का मला मागणी घालताय?" आतोबा घाईघाईने बांगडे घेऊन घरी आले, आणि ते बांगडे चांगले निघाले म्हणून दोन दिवस अस्वस्थ होते. कोकण रेल्वे सुरू होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, पण ते तिच्यात बसले नव्हते. "डोंगर पोखरलाय," ते म्हणत. "डोंगराला विचारलंय का कोणी?"

मी खेडची. इंग्रजी शाळेतून बारावी झाले आणि कॉलेजसाठी रत्नागिरीला आत्याकडे राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी आतोबांनी मला विचारलं, "तुला इथे शिकायलाच पाठवलंय ना? की आमच्यावर लक्ष ठेवायला?" मी मुळात कमी बोलणारी. परक्या घरात तर आणखीच. मी नुसती मान हलवली. ती उभी हलली की आडवी, ते मलाही कळलं नाही. पण आतोबांना ती पसंत पडली. "ही बोलत नाही," ते आत्याला म्हणाले, "म्हणजे खोटंही कमीच बोलत असेल." त्यांना हे ठाऊक नव्हतं की मी गप्प असते तेव्हा समोरच्याला तपासत असते. आमचं जमलं ते बहुधा यामुळेच. दोन संशयी माणसं एका घरात असली की दोघांचाही वेळ बरा जातो.

माझ्या इंग्रजीचा त्यांनी लगेच उपयोग सुरू केला. खोकल्याचं औषध, डासांची वडी, बिस्किटांचा पुडा, घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवरचं बारीक अक्षर मी वाचायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. "मोठी अक्षरं विकणाऱ्याची आणि बारीक अक्षरं वकिलाची," ते म्हणत. "तू बारीक वाच." दरवेळी मी मराठीत अर्थ सांगायला लागले की ते हात वर करून थांबवत. अर्थ ते स्वतः काढायचे.

त्या घराला एक गॅरेज होतं आणि गाडी नव्हती. हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. घरापुढच्या खळ्याचा एक कोपरा घेऊन बांधलेलं, चिऱ्याच्या भिंतींचं, वर पत्रा आणि खाली सिमेंटचा कोबा. आत झावळ्या, नारळांचा ढीग आणि तुटका पाळणा. आतोबांकडे तर जुनी सायकल होती आणि तीही ते ओट्यावर ठेवत. शेवटी आत्यानेच सांगितलं. दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, मुंबईत नोकरी लागली तेव्हा आतोबांनी ते हौसेने बांधलं होतं, पुढे तो गाडी घेऊन येईल म्हणून. पुढे दादाने नागपूरची मुलगी पसंत केली. आतोबांनी तिची चौकशी लावली. एकाकडून नाही, तीन वेगवेगळ्या माणसांकडून, आणि तिघांना एकमेकांचा पत्ता लागू दिला नाही. तिसरा माणूस नेमका मुलीच्या मामाच्या ओळखीचा निघाला. दादाने फोनवर एवढंच सांगितलं, "तुमची चौकशी संपली की कळवा." त्याने मुंबईतच लग्न केलं. त्यानंतर तो रत्नागिरीला आला नव्हता. आतोबांनी काही कळवलं नव्हतं, आणि गॅरेजमध्ये झावळ्या रचल्या गेल्या.

माझं पहिलं वर्ष संपत आलं असताना एका दुपारी फोन वाजला. आत्या बोलली, मध्येच पदराने डोळे पुसले आणि आतोबांना म्हणाली, "अहो, ऐकलंत का? दादाने गाडी घेतलीय. मे महिन्यात येतोय म्हणतो, दोघंही."

"कशासाठी?" आतोबांनी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? घरी!"

आतोबा वर्तमानपत्रात शिरले. मी बघत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर झावळ्या बाहेर आल्या होत्या, नारळ पडवीत गेले होते आणि आतोबा गॅरेजमध्ये उकिडवे बसून कोब्यावर बोट घासत होते. बोट माझ्यासमोर धरून म्हणाले, "बघ. धूळ सुटते. या जमिनीला काहीतरी लावलं पाहिजे, टिकाऊ." दादाचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या घरात दोन महिने जमिनीशिवाय दुसरा विषय निघाला नाही, आणि मला पहिल्या दिवसापासून संशय होता की विषय जमिनीचा नाहीच.

रेड ऑक्साईड ओल धरतं आणि पोपडे सोडतं, म्हणून ते बाद. फरशी जड वजनाने तडकते, म्हणून तीही बाद. रबराचा रंग एकाने सुचवला, तर आतोबांनी त्याला "तुझा मेव्हणा विकतो ना?" असं विचारलं, आणि दुर्दैवाने तो खरंच विकत होता. आत्याचं म्हणणं एकच, "काय वाटेल ते लावा, पण पाय घसरता कामा नये." कोळंबीच्या कारखान्यात इपॉक्सी नावाचं कोटिंग लावतात आणि त्यावर दिवसभर पाणी, मीठ, गाड्या चालतात, असं कळलं तेव्हा आतोबा कारखान्याच्या फाटकाशी जाऊन आले. आत सोडलं नाही म्हणून त्यांचा विश्वास थोडा वाढला. "लपवतायत, म्हणजे वस्तू चांगली असणार."

तरी तीन कोपऱ्यांत तीन नमुने लावून परीक्षा झालीच. त्यांच्यावर नारळ आपटले, रॉकेल ओतलं, कोकमाचं आगळ सांडून रात्रभर ठेवलं. शेवटी नाक्यावरून एक रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने मीटर टाकला आणि विचारलं, "बोला साहेब, खंय जायचा?"

"कुठे नाही. आत घे आणि इथेच चाक फिरव."

"जाग्यावरच? आणि भाडा कुठपर्यंतचा लावू?"

"पटापट फिरव. घासलं पाहिजे."

"साहेब, पायतान काढून बसू काय? प्रदक्षिणाच आहे ही." तो बिचारा गोल गोल फिरला. आत्या दारात तोंडाला पदर लावून हसत होती. इपॉक्सी टिकलं.

दुकानदाराने ते कोल्हापूरहून मागवून दिलं. "एकदा लावा आणि निवांत राहा," तो म्हणाला. 'निवांत' या शब्दाने आतोबांचा चेहरा पडला. त्यात डबे दोन. एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर. "दोन का? बिघडलं तर हा म्हणणार त्याची चूक आणि तो म्हणणार याची." ते डबे घरी आल्यावर दिवसभर पाटावर समोरासमोर ठेवले होते, साक्षीदार ठेवावेत तसे. संध्याकाळी मला बोलावणं आलं. मी बारीक अक्षरं वाचत गेले, आणि एका वाक्यापाशी आतोबांनी डोळे उघडले.

"पुन्हा वाच."

"अलाऊ टू क्युअर फॉर सेव्हन डेज."

त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या खटाटोपात पहिल्यांदा त्यांना ओळखीचं माणूस भेटलं होतं. "क्युअर! क्युरिंग! मग आधी बोलायचं नाही का? अगो, सबंध नोकरी मी हेच सांगत आलो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, वर ओलं गोणपाट घालायचं. सिमेंट पाण्याने पक्कं होतं."

"आतोबा, पण इथे पाणी असं लिहिलेलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. "मला वाटतं, नुसतं ठेवायचं. सुकू द्यायचं."

"तुझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं," ते मायेने म्हणाले. "हे साइटवरचं इंग्रजी आहे."

माणसांवर, माशांवर, रेल्वेवर संशय घेणाऱ्या आतोबांनी त्या एका शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. रंग त्यांनी स्वतः लावला. बाहेरचा माणूस पातळ करील, ही भीती. एक रात्र मध्ये गेली आणि सकाळी ते बादली घेऊन हजर. पूर्ण सात दिवस त्या कोवळ्या राखाडी कोटिंगवर ओली गोणपाटं पसरलेली, आणि आतोबा दोन वेळा पाणी मारतायत. आठव्या दिवशी गोणपाटं उचलली. खालची जमीन ढगाळ पांढरी झाली होती आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोणपाटाची वीण उमटली होती, उभे धागे, आडवे धागे, एका कोपऱ्यात तर पोत्याची शिवणसुद्धा.

आत्याने पाय ठेवून बघितला. "चला," ती म्हणाली, "घसरत नाही हो."

पुन्हा करायला वेळ नव्हता. दादा दोन दिवसांनी यायचा होता. त्या दोन दिवसांत आतोबा कितीदा तरी गॅरेजच्या दारात जाऊन नुसते उभे राहून आले. कंपनीला त्यांनी नावं ठेवली नाहीत, हे मला सगळ्यात काळजीचं वाटलं.

घाट उतरून, उन्हाने तापून गाडी आली. दादा उतरला, वाकला, "बाबा" म्हणाला आणि लगेच गाडी आत लावायला वळला. वहिनी मात्र गाडी आत लागल्यावर तिथेच थबकली. खाली बसून तिने जमिनीवर हात फिरवला. "हे डिझाईन कोणी केलं?"

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. कोळणीकडे बघत तसेच. थट्टा आहे का, ते त्यांना ठरवता येईना. "मी," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसाचा काय भरवसा?"

शब्द तोंडातून गेला आणि वहिनीचा हात जमिनीवरच थांबला. दादाने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा काढली. तेवढ्यात आत्या, वातावरण सावरायला, सगळी कथा सांगत सुटली. तीन नमुने, नारळ, रॉकेल, रिक्षा. वहिनी ऐकत होती. मग उठून हात झटकत म्हणाली, "एवढी चौकशी माझीसुद्धा झाली होती म्हणे. बाबा, मी पास झाले की नाही?"

आतोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "तुझं क्युरिंग चालू होतं," ते म्हणाले. "चूक आमचीच. वेळ जास्त लावला." आणि घरात वळून मोठ्याने ओरडले, "अगो, पाणी दे की त्यांना! उन्हातून आलीत माणसं!"

आधी दादा हसला, मग आम्ही सगळेच.

आंबे संपत आले तोवर दोघं राहिली. जाताना गाडी मागे घेतली तेव्हा जमिनीतून चर्र असा आवाज आला. चारही चाकांना कोटिंग चिकटून निघालं होतं, आणि खाली चार चौकोनी ठिगळं उघडी पडली होती. दादा ओशाळला. "बाबा, पुढच्या वेळी येताना चांगला रंग आणतो."

"नको," आतोबा म्हणाले. "राहू दे. गाडी कुठे लावायची ते कळेल तुला."

त्यानंतर दादा दरवर्षी येत राहिला, आणि गाडी आत घेताना काच खाली करून, मान बाहेर काढून, चाकं बरोबर त्या चार ठिगळांवर आणत राहिला. आतोबा समोर उभे राहून हाताने दाखवायचे, "ये, ये, अजून थोडं, बस." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी संशय नसायचा.

आता आतोबा नाहीत. मागच्या मे महिन्यात मी रत्नागिरीला गेले होते. दादा संध्याकाळी पोहोचणार होता. आत्या तांब्या घेऊन गॅरेजमध्ये उभी होती आणि त्या गोणपाटाच्या विणीवर हलक्या हाताने पाणी शिंपडत होती.

"आत्या, हे आता कशाला?"

"क्युरिंग गो," ती म्हणाली. "ते सांगून गेलेत. माणसं यायच्या आधी पाणी मारायला विसरू नको म्हणून."