दोन बुधू

एटापल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला लागून रंजीता पुंगाटीचं लॅपटॉप दुरुस्तीचं. बाईचा आवाज असा, की माझी मशीन धडधडत असली तरी तिच्या गिऱ्हाइकांची सगळी रडगाणी मला ऐकू येतात. "होईल का?" असं कोणी विचारलं की ती उखडते. "होत नसतं तं दुकान काऊन उघडलं असतं?" नागपुरात शिकली, तिथे नोकरीही लागली होती. परत का आलीस म्हटलं तर सांगते, "तिथी सगळे मले हळू बोल म्हणत, भाऊ."

परवा लालसू आला. जंगलातल्या एका गावात तो ग्रामसभेचं कॉम्प्युटरचं काम पाहतो. त्याच्या लॅपटॉपातून टकटक आवाज येत होता. त्याचे वडील बुधू उन्हाळ्यात वारले. त्यांनी सांगितलेल्या माडिया बोलीतल्या जुन्या गोष्टी लालसूने त्याच लॅपटॉपात टेप केल्या होत्या.

"आणखी कुठी ठेवल्या का?"

"नाई बाई. ठेवतो ठेवतो म्हणता राहूनच गेलं." मग तो हसला. "बाबा दरवेळी पहिले विचारे, चालू हाय का म्हणून. मले असा राग येत जाय!"

रंजीताने जुनी डिस्क काढली आणि नव्या डिस्कसोबत, म्हणजे एसएसडीसोबत, आपल्या कॉम्प्युटरला जोडली. जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, त्याला क्लोन म्हणतात. जिच्यावर उतरवायचं ती आधी पुसली जाते. दिशा उलटी झाली, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि खेळ खलास. म्हणून नवी डिस्क जोडली की तिला आधी नाव द्यायचं, ही रंजीताची शिस्त. तेही गिऱ्हाइकालाच विचारून.

"जुनीचं नाव बुधू दिसून राह्यलं. नवीचं काय ठेवू?"

"बुधूच ठेव ना. आज्याचं नाव नातवालेच जाते."

रंजीताही लालसूसारखी माडियाच. तिच्या घरीही भाच्याला तिच्या आज्याचंच नाव आहे. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ठेवलं बुधू.

पुढच्या पडद्यावर दोन बुधू एकाखाली एक उभे. माप सारखं, नाव सारखं. तिने सवयीने वरचा धरून खालच्यावर टाकला, बटणावर बोट नेलं आणि तिथेच थांबली. माझी मशीन बंद होती, तरी पलीकडून आवाज येईना. मी घाबरून कैची हातात घेऊनच तिच्या दारात गेलो.

"काय झालं?" लालसूने विचारलं.

"काई नाई. आजा कोणता आन् नातू कोणता, पाहू दे." जुनीला तिने हात लावला नाही, ती एकदा थांबली तर पुन्हा उठेल याचा भरवसा नव्हता. तिने नवीची वायर उपटली. पडद्यावरून वरचा बुधू गेला.

म्हणजे ती आज्यालाच पुसायला निघाली होती. लालसूला ते कळलं. तो मटकन स्टुलावर बसला.

"बस आता आरामात," रंजीता म्हणाली. नवी पुन्हा जोडून तिचं नाव 'नातू' केलं, दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. "आता होते. होत कसं नाई!"

झालंही. नवी डिस्क घालून लॅपटॉप झटकन सुरू झाला, टकटक नाही की काही नाही. लालसूने पहिली गोष्ट लावली. एक म्हातारा खाकरला आणि माडियात म्हणाला, "चालू हाय का रे?"

त्यावर टेपमधला लालसू खेकसला, "हाय म्हणलो ना! बोल लवकर."

स्टुलावरच्या लालसूने लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. "चालू हाय बाबा," तो म्हणाला. "सांग तू सावकाश."